‘घेता का?’

बडनेऱ्याच्या नव्या वस्तीतून सकाळी सातच्या आत ऑटोत बसले म्हणजे अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीशी फार ताटकळावे लागत नाही, हे तेथे नित्य जाणाऱ्यांना ठाऊक असते. काही वर्षांपूर्वी, पावसाळा नुकता ओसरला असताना, आम्ही असेच निघालो होतो. दुखणे आमचे नव्हते. आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ, ज्यांना आम्ही सारे ‘भाऊ’ म्हणतो, रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त होऊन चार वर्षे झाली होती. त्यांच्या रक्ततपासणीत काही निघाले होते आणि मोठ्या डॉक्टरांना दाखवावयाचे होते. मुलगा पुण्याकडे नोकरीला, मुलगी अकोल्यास दिलेली. वहिनींना इंग्रजी कागद वाचता येत नाहीत, म्हणून आम्ही सोबतीला.

डॉक्टर तरुण होते, चेहऱ्याने सौम्य. त्यांच्या टेबलाभोवती नेहमीप्रमाणे आठ-दहा माणसे उभी होती. पुढच्या रुग्णाचा हात मागच्या रुग्णाच्या खांद्याला लागत होता. त्यांनी अहवाल वाचला, केसपेपरवरचे नाव वाचले, मान वर केली आणि विचारले, “दारू घेता का?”

“नाही जी साहेब,” भाऊ म्हणाले.

“कधी घेत होता?”

“नाही जी. कधीच नाही.”

वहिनी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे पाहत होत्या. आम्ही आमच्या हातातील छत्रीकडे पाहत होतो. अवघ्या पंधरवड्यापूर्वी एका बारशाच्या जेवणानंतर याच भाऊंना दोघांनी धरून घरी पोहोचविले होते, आणि त्या दोघांपैकी एक आम्ही होतो. डॉक्टरांनी केसपेपरवर एक शब्द लिहिला आणि ते पुढच्या प्रश्नाकडे वळले.

त्या एका शब्दाविषयी आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. तो येथे मांडावा असे वाटते. कारण ज्या घरांत हे त्रैमासिक वाचले जाते त्यांतील किती तरी घरांत कोणी ना कोणी असा शब्द कधी तरी लिहवून घेतला असेल.

आधी दुखण्याविषयी थोडे. हेपॅटायटिस ‘सी’ हा यकृताचा विषाणुजन्य विकार. १९८९ पर्यंत या विषाणूस नावही नव्हते. तो शोधणाऱ्या हार्वे ऑल्टर, मायकेल हाउटन आणि चार्ल्स राइस या तिघांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. तो रक्तावाटे पसरतो: न तपासलेले रक्त, पुन्हा पुन्हा वापरलेली सुई, नीट न उकळलेली हत्यारे. एका ताटात जेवल्याने, हातात हात घेतल्याने तो लागत नाही. शरीरात शिरल्यावर पुष्कळदा वीस-पंचवीस वर्षे तो काही बोलत नाही. मग एके दिवशी पाय सुजतात, पोटात पाणी होते. भाऊंना १९९० च्या सुमारास गाडीखालच्या कामात अपघात होऊन रक्त चढवावे लागले होते. त्या काळी रक्तपेढ्यांत या विषाणूची तपासणी सक्तीची नव्हती. ती या शतकाच्या आरंभी झाली. तेव्हा त्यांचे हे दुखणे त्यांच्या कोणत्याही अपराधाचे फळ नव्हते, असेच मानावयास हवे. दारूने मात्र त्यात भर घातली होती. ‘सी’चा विषाणू आणि दारू ही दोन्ही एकाच यकृतावर बसली, म्हणजे यकृत कठीण होण्याचा वेग पुष्कळच वाढतो, हे वैद्यकशास्त्राला आता पक्के ठाऊक आहे.

पूर्वी या रोगावर इंटरफेरॉनची इंजेक्शने होती. सहा महिने, कधी वर्षभर घ्यावयाची. ताप, अंगदुखी, मनाची उदासी, आणि इतके सोसूनही गुण येईलच असे नाही. त्या दिवसांत दारू पिणाऱ्याला ‘आधी सहा महिने सोडून दाखवा, मग या’ असे अनेक ठिकाणी सांगत. २०१३ नंतर गोळ्या आल्या; २०१५ पासून त्या भारतात स्वस्त दरात तयार होऊ लागल्या, आणि २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकार त्या विनामूल्य देऊ लागले. बहुतेकांना बारा आठवडे, यकृत फार बिघडलेले असल्यास काहींना चोवीस आठवडे. शंभरातील पंचाण्णवांच्या आसपास रुग्णांच्या रक्तातून विषाणू नाहीसा होतो. आणि येथे आमच्या विषयाशी निगडित गोष्ट ही, की माणूस दारू पितो एवढ्याच कारणाने या गोळ्या त्याला नाकाराव्यात, असे आजचे उपचार-संकेत सांगत नाहीत. उलट, अशा माणसाला त्या लवकर द्याव्यात, कारण त्याचे यकृत अधिक धोक्यात असते.

म्हणजे भाऊंनी ज्या भीतीने खोटे सांगितले, ती भीती आता उरलेलीच नव्हती. रेल्वेतील त्यांच्या एका सोबत्याला पंधरा वर्षांपूर्वी इंजेक्शने नाकारली गेली होती, ती आठवण त्यांच्या मनात होती. हे त्यांनी आम्हाला फार उशिरा सांगितले.

गोळ्या सुरू झाल्या. सोनोग्राफीत यकृत आक्रसू लागल्याचे दिसले होते. भाऊंनी त्याच दिवशी मनाशी निश्चय केला, की गोळी आणि दारू एका पोटात घालावयाची नाही. चर्चमध्ये पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून त्यांनी नवस केला आणि त्या संध्याकाळपासून थेंबही घेतला नाही. चाळीस वर्षांची सवय एका संध्याकाळी मोडली. हे त्यांनी वहिनींखेरीज कोणास सांगितले नाही; सांगणार कसे? जो माणूस कधी घेतच नव्हता, त्याने सोडली हे कोणास सांगावे?

दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले. तिसऱ्या रात्री ते अंथरुणावर उठून बसले आणि नसलेल्या माणसांशी बोलू लागले. छतावरून पाणी गळते आहे म्हणून बादली आणा म्हणाले. छत कोरडे होते. रात्री अकराच्या सुमारास आम्ही त्यांना घेऊन अमरावतीस पोहोचलो. तेथे कामावर असलेल्या निवासी डॉक्टरांनी जुना केसपेपर पाहिला. यकृताचा रुग्ण, दारू नाही, आता भ्रम. त्यांनी साहजिकच असा विचार केला, की निकामी होत चाललेले यकृत रक्त शुद्ध करीत नाही, म्हणून मेंदूवर परिणाम झाला असावा.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. बाहेरून दिसावयास ही दोन दुखणी जवळपास सारखी: एक यकृताच्या बिघाडाने येणारा भ्रम, दुसरा दीर्घकाळची दारू एकाएकी तोडल्याने येणारा भ्रम. उपाय मात्र उलटे. दुसऱ्यात गुंगी आणणारी, मेंदू शांत करणारी औषधे द्यावी लागतात. न दिल्यास झटके येतात आणि माणूस जाऊ शकतो. पहिल्यात तीच औषधे दिली तर रुग्ण अधिक खोल बेशुद्धीत जातो. कोणते आहे हे ठरविण्याचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे एक प्रश्न विचारणे. तो प्रश्न पूर्वी विचारला गेला होता आणि त्याचे उत्तरही केसपेपरवर लिहिलेले होते.

त्या डॉक्टरांना मात्र कसली तरी शंका आली असावी. त्यांनी वहिनींना बाजूला घेऊन पुन्हा विचारले. वहिनींनी आमच्याकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ ‘सांगा’ असा होता की ‘सांगू नका’ असा, हे आम्हाला अजूनही नीट कळलेले नाही. आम्ही म्हणालो, “घेत होते. चाळीस वर्षे, रोज. तीन दिवसांपूर्वी एकदम सोडली.”

उपचार बदलले. चौथ्या दिवशी भाऊ शुद्धीवर आले. सहाव्या दिवशी त्यांना कळले की डॉक्टरांना कोणी सांगितले, आणि पुढे चार महिने ते आमच्याशी बोलले नाहीत. मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर आम्हाला पाहून ते दुसऱ्या बाजूने उतरत.

त्या चार महिन्यांत आम्ही स्वतःला जो प्रश्न विचारीत राहिलो, तो असा: ते सत्य आमचे होते का? दुसऱ्याची गोष्ट त्याच्या संमतीवाचून सांगणे हा विश्वासघातच, आणि आपली धर्मशिकवण गुपिताला फार मान देते. पापनिवेदनातील गुपित तर कोणत्याही कारणास्तव फोडता येत नाही. मात्र इतर गुपितांच्या बाबतीत, ते राखल्याने कोणाचे अतिगंभीर नुकसान होणार असेल आणि ते टाळण्यास दुसरा मार्ग नसेल, तर ते उघड करण्याची मुभा आहे. तेव्हा त्या रात्रीच्या बोलण्याबद्दल आमच्या विवेकबुद्धीला फारसा त्रास झाला नाही. त्रास झाला तो पावसाळ्यातील त्या सकाळच्या मौनाचा. तेव्हा कोणी मरत नव्हते, भाऊ शुद्धीवर होते, आणि बाहेर येऊन चहाच्या टपरीवर ‘भाऊ, आत जाऊन खरे सांगून येऊ’ एवढे म्हणणे आम्हाला शक्य होते. आम्ही भजी मागविली आणि पावसावर बोललो.

मौन म्हणजे खोटे नव्हे, असे म्हणणारे म्हणतील. या बाबतीत आपल्या परंपरेत फार बारीक चिरफाड झालेली आहे. संत ऑगस्टीनने चौथ्या शतकाच्या अखेरीस खोटेपणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि कोणाचा जीव वाचविण्यासाठीही खोटे बोलू नये, असा कठोर निर्णय दिला. संत थॉमस अक्विनसने गमतीचे, उपयोगाचे आणि घातकी असे खोट्याचे प्रकार मानून त्यांच्या गांभीर्यात फरक केला, पण एकालाही निर्दोष म्हटले नाही. पुढे काही पंडितांनी एक पळवाट काढली: तोंडाने ‘मी घेत नाही’ म्हणावयाचे आणि मनात ‘आज’ हा शब्द जोडावयाचा. हा मनातल्या मनात शब्द राखून ठेवण्याचा प्रकार पोप इनोसंट अकरावे यांनी १६७९ साली निषिद्ध ठरविला. तरी तो आपल्या घरांतून गेलेला नाही. ‘मी दारू पीत नाही, बिअर घेतो’ हे वाक्य आम्ही एका सज्जन गृहस्थाच्या तोंडून अगदी गंभीरपणे ऐकलेले आहे.

याहून अलीकडची एक घटना अधिक बोलकी आहे. १९९२ साली कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत खोट्याची जी व्याख्या होती, तिचा आशय असा होता, की ज्याला सत्य जाणण्याचा अधिकार आहे अशा माणसाची दिशाभूल करणे म्हणजे खोटे बोलणे. १९९७ च्या अधिकृत लॅटिन आवृत्तीत त्यातील ‘अधिकार आहे’ ही अट गाळण्यात आली. दिशाभूल करण्यासाठी असत्य बोलणे ते खोटेच, समोरचा कोणीही असो. तथापि त्याच ग्रंथात असेही ठेवले आहे, की ज्याला अधिकार नाही त्याच्यापुढे सत्य उघडे करण्यास कोणी बांधलेला नाही. तेथे गप्प राहावे, वा जपून बोलावे.

हे भाऊंच्या बाबतीत लावून पाहू. डॉक्टरांना अधिकार होता, यात शंका नाही. पण टेबलाभोवतीच्या आठ-दहा माणसांना होता का? त्यांतील एक बाई नव्या वस्तीतीलच होत्या. ‘याविषयी मला एकट्याने बोलावयाचे आहे’ असे म्हणण्याची मोकळीक तत्त्वतः भाऊंना होती. ज्याच्या मागे चाळीस माणसांची रांग आहे आणि ज्याच्या चपलेवर दुसऱ्याचा पाय पडला आहे, त्या निवृत्त फिटरला ती प्रत्यक्षात कितपत होती, हे ज्याने सरकारी बाह्यरुग्ण विभाग पाहिला आहे त्याने ठरवावे. ख्रिस्तसभेला हे शहाणपण पूर्वीच सुचले आहे. सोळाव्या शतकात मिलानचे महागुरू संत चार्ल्स बोरोमिओ यांनी पापनिवेदनासाठी जाळीची चौकट रूढ केली; सत्य बोलण्यास आडोसा लागतो हे त्यांनी ओळखले होते. त्यापूर्वी १५५१ साली त्रेंतच्या परिषदेने संत जेरोमचा दाखला घेऊन म्हटले होते, की रुग्णाला वैद्यापुढे जखम उघडी करण्याची लाज वाटली, तर जे औषधाला ठाऊक नाही ते औषध बरे करू शकत नाही. वैद्याचा दृष्टांत पापनिवेदनासाठी वापरला गेला. आता तो उलट फिरवून दवाखान्याला लावण्याची वेळ आली आहे: जाळी तेथेही हवी.

प्रश्न कसा विचारावा यालाही महत्त्व आहे. आमच्या अमरावतीच्या भूमीत ज्यांची समाधी आहे त्या गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरेच असत. लोकांना ते विचारीत आणि लोकांच्याच तोंडून दारूची, कर्जाची, देवापुढे कापलेल्या बकऱ्याची कबुली येई. विचारणारा स्वतःला सर्वांहून अडाणी म्हणवून घेत असे, म्हणून उत्तर देणाऱ्याची मान खाली जात नसे. ‘दारू घेता का?’ या प्रश्नात ‘नाही’ हे उत्तर आधीच दडलेले असते, जसे ‘चोरी करता का?’ यात असते. आमच्या ओळखीच्या एका परिचारिका आहेत, त्या विचारतात, “काका, शेवटची कधी घेतली?” त्यांना उत्तर मिळते.

परंतु सारा दोष प्रश्नावर टाकून आम्हाला मोकळे होता येणार नाही. चार महिन्यांनी भाऊ बोलू लागले, तेव्हा त्यांनी जे सांगितले त्याने आम्ही खरोखर चकित झालो. आम्ही समजत होतो, की उपचार नाकारले जातील या भीतीने ते खोटे बोलले. ती भीती होतीच. पण ते म्हणाले, “त्यानं केसपेपरावर माहं नाव वाचलं ना जी, मग विचारलं. आधीच्या माणसाले नाही विचारलं. मी ‘हो’ म्हटलं असतं, तर तो मनात म्हणाला असता, हे ख्रिश्चन लोक असेच. तुम्ही बाजूले उभे होते. तुमचीबी इज्जत गेली असती.”

आधीच्या रुग्णाला विचारले होते की नव्हते हे आम्हाला आठवत नाही. कदाचित विचारले असेल. तथापि भाऊंचे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही. हिंदी चित्रपटांनी दोन पिढ्यांना शिकविले, की गळ्यात क्रूस आणि हातात बाटली म्हणजे ख्रिस्ती माणूस. वऱ्हाडात आपण मूठभर. एकाचे वागणे साऱ्यांच्या नावावर लिहिले जाते. तेव्हा त्या माणसाने आपल्या समाजाची अब्रू राखण्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला, असे म्हणावयास हरकत नाही. यातील निष्ठा आम्हाला नाकारता येत नाही, आणि ती चुकीची होती हेही नाकारता येत नाही. आणि अब्रू ती कोणती? ज्या बारशाहून भाऊंना धरून आणले तेथे त्यांना तिसरा पेला आग्रहाने भरून देणारे आपल्याच धर्मग्रामातील होते. आपण लग्नात पाजतो, आणि दवाखान्यात ‘आमच्यात कोणी घेत नाही’ म्हणतो. संत्र्यांच्या या मुलखात ‘संत्रा’ म्हटले की अनेकांना फळाआधी देशी दारूची बाटली आठवते, हे केवळ इतर समाजांविषयी खरे नाही.

खोटेपणाची ही सवय शासनानेही लावलेली आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात दारू पिण्यास परवाना लागतो, आणि तो परवाना आरोग्याच्या रक्षणासाठी मद्य घेण्याचा असतो. म्हणजे ज्याने कायदा पाळला, तो माणूस प्रकृती राखण्यासाठी पितो असे कागदोपत्री ठरते, आणि ज्याचे यकृत गेले तो कधीच पीत नव्हता असे केसपेपरवर लिहिले जाते. या दोन कागदांच्या मधल्या जागेत आपली माणसे आजारी पडतात.

लाजेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९८२ साली ‘कुली’च्या चित्रीकरणात जखमी झालेल्या अमिताभ बच्चन यांना जे रक्त देण्यात आले त्यातून त्यांना हेपॅटायटिस ‘बी’ झाला आणि यकृताचा मोठा भाग निकामी झाला, हे त्यांनी स्वतः जाहीर केले आहे. यकृताचे दुखणे म्हटले की लोक प्रथम दारूचाच तर्क करतात. न पिणाऱ्या रुग्णाला म्हणून शपथा घ्याव्या लागतात आणि पिणारा त्याच शपथांच्या आड लपतो. दोघांचेही नुकसान एकाच लाजेने होते.

खरे बोलण्याची किंमत असते, ही गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. ‘खरे बोला, सारे ठीक होईल’ असे प्रवचनातून सांगणे सोपे आहे. चीनमधील संत मार्क जी त्यानशियांग यांचे चरित्र आम्हाला या संदर्भात वारंवार आठवते. ते स्वतः वैद्य होते, गरिबांना फुकट औषध देत. पोटाच्या विकारावर त्यांनी अफू घेतली आणि तिच्या आहारी गेले. ते पुन्हा पुन्हा पापनिवेदन करीत. पुन्हा पुन्हा तेच पाप. अखेर त्यांच्या धर्मगुरूंनी, सोडण्याचा खरा निश्चय दिसत नाही म्हणून, पापमुक्ती देण्याचे थांबविले. व्यसन हा आजार आहे हे ज्ञान तेव्हा नव्हते. सुमारे तीस वर्षे त्यांना ख्रिस्तशरीर मिळाले नाही. ‘सुटली’ एवढे एक खोटे वाक्य त्यांना पुन्हा वेदीपाशी नेऊ शकले असते. ते म्हणाले नाहीत आणि चर्च सोडूनही गेले नाहीत. १९०० साली बॉक्सर बंडात त्यांना श्रद्धेपायी ठार करण्यात आले. २००० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संत घोषित केले. त्यांची अफू शेवटपर्यंत सुटल्याचे कोणी सांगत नाही.

ख्रिस्तसभेची स्वतःचीही या बाबतीत वाटचाल झालेली आहे. १९९५ साली रोमहून आलेल्या एका पत्रात असे होते, की मद्यासक्तीचा विकार असलेल्या उमेदवारांना गुरुदीक्षा देऊ नये, कारण मिस्सात द्राक्षारस घ्यावा लागतो. असे लिहिल्यावर कोणता तरुण खरे सांगेल? २००३ च्या पत्रात ती भाषा बदलून ‘अत्यंत सावधगिरीने’ विचार करावा, असे करण्यात आले. आणि ज्या धर्मगुरूंना द्राक्षारस चालत नाही त्यांना बिशपांच्या परवानगीने न आंबलेला द्राक्षरस वापरता येतो. परवानगी हवी तर कारण सांगावे लागते; सांगितल्यावर दार बंद होणार नाही, ही खात्री आधी द्यावी लागते. आमच्या मते येथे क्रम महत्त्वाचा आहे. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात १९८१ साली फादर जोसेफ परेरा यांनी ‘कृपा’ संस्था सुरू केली, १९८६ साली पुण्यात अनिता व अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभे केले. अशा ठिकाणी आलेल्या माणसाला ‘तू पितोस का’ असे कोणी विचारीत नाही, कारण ते धरूनच दार उघडलेले असते.

एका प्रसंगी मात्र आम्ही कोणतीही सवलत देण्यास तयार नाही. यकृत पूर्ण निकामी झाले तर प्रत्यारोपणाचा मार्ग उरतो, आणि आपल्याकडे पुष्कळदा यकृताचा तुकडा देणारा हा मुलगा, मुलगी वा पत्नी असते. १९९४ च्या कायद्याने जवळच्या नातलगाला ते देता येते. त्या शस्त्रक्रियेत देणाऱ्याच्याही जिवाला धोका असतो. तेथे ‘मी सोडली आहे’ असे खोटे सांगणे म्हणजे स्वतःच्या लेकराच्या शरीरातून काही तरी काढून घेणे होय. भाऊंचा मुलगा त्या आजारपणात पुण्याहून आला होता आणि बापाच्या उशाशी बसून, पुढे तशी वेळ आली तर आपण देऊ, असे म्हणाला होता. भाऊंनी तेव्हा भिंतीकडे तोंड फिरविले. ते आमच्याशी पुन्हा बोलू लागले त्यामागे हेच कारण असावे, अशी आमची समजूत आहे. विचारण्याचे धैर्य आम्हाला झालेले नाही.

चोवीस आठवड्यांच्या गोळ्या पूर्ण झाल्या. त्यानंतर बारा आठवडे थांबून रक्त पुन्हा तपासावे लागते. विषाणू तेव्हाही नसला तर तो गेला असे धरतात. कठीण झालेले यकृत मात्र तसेच राहते, आणि म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते. एकही पेला त्याला परवडत नाही. त्या तपासणीचा निकाल घ्यावयास भाऊंनी आम्हाला सोबत येण्यास सांगितले. पुन्हा तोच सकाळचा ऑटो, तीच खिडकी, तेच टेबल. डॉक्टर दुसरे होते. अहवाल वाचून ते हसले, “विषाणू नाही.” मग जुना केसपेपर चाळत, मान वर न करता त्यांनी विचारले, “आता घेता का?”

टेबलाभोवती आजही माणसे होती. भाऊंनी एकदा मागे पाहिले.

“मधात दोनदा घेतली जी,” ते म्हणाले. “एकदा पोरीच्या घरी, एकदा नाताळाच्या रात्री. मंग नाही घेतली.”

डॉक्टरांनी पेन उचलले. “किती घेतली?”

“पहिल्यांदा जास्त,” भाऊ म्हणाले. वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आमच्या हातातून फाईल घेऊन स्वतःच्या मांडीवर ठेवली.